अनुभव धागा: व्हाइट हाउसमधली सही आणि आपलं घर

राष्ट्राध्यक्ष बदलला की आपल्याकडे दोनच वाक्यं ऐकू येतात. "आता काही खरं नाही" किंवा "काही होत नाही रे". दोन्हींचा कंटाळा आला, म्हणून हा धागा. त्या एका सहीने तुमच्या घरात नेमकं काय झालं आणि ती सही कुठे अडली, ते लिहा. ट्रम्प चांगला की वाईट, ही भांडणं कृपया दुसरीकडे.

एडिसनकर
सप्टेंबर २०२५. बाबांच्या श्राद्धासाठी पुण्यात होतो. शनिवारी सकाळी उठलो तर फोनवर मेसेजचा ढीग: शुक्रवारच्या सहीने एच-वन-बीसाठी (कुशल नोकरदारांचा तात्पुरता व्हिसा) एक लाख डॉलर शुल्क, ते भरल्याशिवाय प्रवेश नाही, अंमल रविवारपासून. कंपनीच्या वकिलांचा मेल, मुदतीआधी अमेरिकेत पोचा. मुदत म्हणजे तिकडची शनिवारची मध्यरात्र, आपल्याकडे रविवारी सकाळी साडेनऊ. मुंबईहून नेवार्कला सोळाएक तास लागतात आणि आपली बरीचशी विमानं सुटतात मध्यरात्रीनंतर. गणितच बसेना. तिकिटांचे भाव तर बघवत नव्हते. आई म्हणाली, "उद्या सर्वपित्री आहे, जेवून जा." राहिलो. रविवारी पहाटे खुलासा आला की शुल्क फक्त नव्या अर्जांना, आधीच्या व्हिसावाल्यांना नाही.
नंतर वाचत बसलो. परदेशी माणसाचा प्रवेश देशहिताला बाधक वाटला तर तो रोखायचा अधिकार १९५२ च्या कायद्यानेच राष्ट्राध्यक्षाला दिला आहे. म्हणजे ही ताकद काँग्रेसनेच, तिकडच्या संसदेनेच, त्याच्या हातात ठेवलेली. २०२० च्या जूनमध्येही हेच कलम वापरून एच-वन-बीवाल्यांचा प्रवेश थांबवला होता. दार लावायला एक शुक्रवार पुरतो.

चकलीवाली
माझं उलटं. एच-फोरवर (एच-वन-बीवाल्यांच्या जोडीदारांचा व्हिसा) काम करायची परवानगी ओबामांच्या काळात, मे २०१५ मध्ये आली. तोवर मी घरी बसून वैतागले होते. २०१७ मध्ये नवं सरकार म्हणालं, हा नियम रद्द करणार. मग दर सहा महिन्यांनी सरकारी यादीत "प्रस्तावित" म्हणून तो दिसायचा आणि माझ्या पोटात गोळा यायचा. पण नियम काढायचा तर मसुदा छापा, लोकांच्या हरकती घ्या, उत्तरं द्या. चार वर्षांत ते झालंच नाही. मधल्या काळात परवानगीच्या कार्डाच्या नूतनीकरणाला इतका उशीर झाला की नोकरी गेली ती गेलीच. नियम जागेवर होता, कार्ड मात्र वेळेवर येत नव्हतं. या प्रकाराला अधिकार म्हणायचं की मर्यादा, मला अजून ठरवता येत नाही.

वाट पाहणारा
आम्ही ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम राहायच्या परवान्याच्या, रांगेत. आमचे सासरे सांगलीचे. "थेट राष्ट्राध्यक्षालाच पत्र लिहा की, जावईबापू!" लिहिलंही. छापील उत्तर आलं. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, हे कायद्यात लिहिलंय. ते बदलायचं विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. आम्ही पेढे वाटले. दुसऱ्या सभागृहाने, सिनेटने, डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलं, पण वेगळ्या मजकुराचं. दोन्हींचा मेळ बसायच्या आत सत्र संपलं आणि विधेयक मेलं. राष्ट्राध्यक्षाच्या टेबलावर ते पोचलंच नाही, मग कुणाला शिव्या घालायच्या? लावलेलं दार पुढचा अध्यक्ष उघडू शकतो, पण ही रांग कुणाच्याच सहीने हलत नाही.

नवी आई
जानेवारी २०२५. आम्ही दोघंही एच-वन-बीवर, मला आठवा महिना. शपथविधीच्या दिवशीच आदेश निघाला: १९ फेब्रुवारीनंतर जन्मलेल्या, आमच्यासारख्यांच्या मुलांना जन्माने नागरिकत्व नाही. एका ग्रुपवर तर मुदतीआधी सिझेरियन करून घ्यायच्या गोष्टी चालल्या होत्या, डॉक्टरीणबाई ऐकून चिडल्या. तीन दिवसांत सिॲटलच्या न्यायाधीशांनी आदेश रोखला. त्यांना नेमलं होतं रेगन यांनी, हे आमच्या घरातल्या पक्षभक्तांना मुद्दाम सांगितलं. जन्माने नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती आणि त्यावरचा १८९८ चा वाँग किम आर्क निकाल मी बाळंतपणाच्या पुस्तकांपेक्षा जास्त वाचला. मार्चमध्ये लेक झाली. पासपोर्ट आला.

सीप्झचा कारागीर
मी अमेरिका बघितलेली नाही, पण धाग्यात बसतं म्हणून लिहितो. अंधेरीत हिऱ्याच्या दागिन्यांचं सेटिंग करतो, माल तिकडेच जातो. २७ ऑगस्ट २०२५ ला भारताच्या मालावर पन्नास टक्के आयात शुल्क लागलं. ओव्हरटाइम बंद, मग आठवड्यातले दिवस कमी. दोनच दिवसांनी तिकडच्या अपील न्यायालयाने ७ विरुद्ध ४ ने सांगितलं, आणीबाणीच्या १९७७ च्या कायद्यात असलं शुल्क बसवायचा अधिकार नाही. पण वरच्या कोर्टात जाईपर्यंत शुल्क चालूच राहिलं! शेठ म्हणाले, "निकाल पेपरात वाच, ऑर्डर येईल तेव्हा सांगतो."

मेरीलँडचा मामा
केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत नोकरी. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९, खर्चाचं विधेयक अडलं म्हणून पस्तीस दिवस टाळं. राष्ट्राध्यक्षांना मेक्सिको सीमेवरच्या भिंतीसाठी ५.७ अब्ज डॉलर हवे होते, काँग्रेस देईना. शेवटी त्या पैशांशिवायच विधेयकावर सही झाली. फेब्रुवारीत आणीबाणी जाहीर करून त्यांनी दुसरीकडचा पैसा वळवला, ते वेगळंच.

चकलीवाली
मामा, पगार मिळाला का मागचा?

मेरीलँडचा मामा
मिळाला, त्यासाठी खास कायदा झाला. आमच्या मजल्यावर झाडलोट करणाऱ्या बाई कंत्राटदाराकडच्या. त्यांना त्या दिवसांचं काही मिळालं नाही.