संहितेशिवाय नाटक कसे उभे करावे?

प्रश्न: ब्रह्मपुरी तालुक्यातील आमच्या गावात आम्हा आठ जणांना धानाच्या रोवणीवर प्रयोग करायचा आहे. संहिता नाही, आणि ती कुणा एकाने लिहावी असेही वाटत नाही. तालमीची सुरुवात कुठून करावी?

पहिले उत्तर: संवादांपासून करू नका. बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, वाकून पऱ्हे (धानाची रोपे) रोवणाऱ्या बाईचा हात चिखलातून वर येताना बोटे कशी मिटलेली असतात, एवढेच आठही जणांनी अर्धा तास करून पाहा. त्यातून लय सापडते, आणि लय सापडली की कोण कुणाशी काय बोलेल हे उमगू लागते. रोज एकाने बाहेर बसून टिपण ठेवावे, नाहीतर सापडलेला उत्तम क्षण दुसऱ्या दिवशी हाती लागत नाही.

दुसरे उत्तर: झाडीपट्टीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचा, प्रेक्षक रात्रभर नाटक पाहतो, त्याला गोष्ट आणि गाणी हवीत, हे विसरू नये. मात्र दंडार आणि खडीगंमत या इथल्या लोकनाट्यांत उत्स्फूर्त संवाद असतातच, त्यामुळे ही वाट आपल्याला परकी नाही.

तिसरे उत्तर: ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांच्या फोरम थिएटरमध्ये प्रेक्षक उठून पात्राची जागा घेतो आणि प्रसंग वेगळ्या दिशेने नेतो. अर्धवट प्रयोग रोवणी करणाऱ्या बायांनाच आधी दाखवा, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रश्नकर्ता: काल दाखवला. एका काकूंनी थांबवून पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात कशी धरतात ते स्वतः वाकून दाखवले. तो प्रसंग आम्ही तसाच ठेवला आहे.