एकाच भिंतीला 'शमन' म्हणायचं की 'अनुकूलन'?

प्रश्न: आपत्ती जोखीम व्यवस्थापनावरचा एक मजकूर आणि हवामानबदलावरचा दुसरा, दोन्ही मराठीत आणतेय. दोन्हीकडे 'मिटिगेशन' आलंय, मी दोन्हीकडे 'शमन' लिहिलं. आता सलग वाचलं तर अर्थच लागत नाही. काय करावं?

उत्तर: ताई, घोळ मुळातलाच आहे. आपत्तीवाले मिटिगेशन म्हणतात ते नुकसान कमी करण्याला: नदीकाठची पूरसंरक्षक भिंत, भूकंपात टिकणारं बांधकाम. हवामानवाले तोच शब्द हरितगृह वायू घटवण्यासाठी राखून ठेवतात. त्यांच्या लेखी ती भिंत 'ॲडॅप्टेशन', म्हणजे अनुकूलन. आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलाचा अभ्यास तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, २०१२ मध्ये दोन्ही विषयांना जोडणारा खास अहवाल काढला, तेव्हा त्यांनाही शब्दसूचीत मिटिगेशनच्या दोन वेगळ्या नोंदी कराव्या लागल्या.

मी एकीकडे 'हानी-न्यूनीकरण' आणि दुसरीकडे 'उत्सर्जनघट' लिहितो. 'शमन' मला दोन्हीकडे खटकतो. आग शमते, भूक शमते, राग शमतो. आधी काहीतरी पेटलेलं असावं लागतं. भिंत तर पूर यायच्या आधी बांधायची असते.

'अनुकूलन' रूढ झालाय, राहू द्या. सोपं करायला म्हणून 'जुळवून घेणं' मात्र लिहू नका, ही कळकळीची विनंती. 'जुळवून घे' हे आपण ज्याच्या हातात काही नाही त्यालाच सांगतो. पुरात घर जाणाऱ्या माणसाला हे सांगणं बरं नव्हे. 'बदलत्या हवामानासाठी तयारी' लिहा, लांबलं तरी चालेल.

प्रश्न: पण मग हानी-न्यूनीकरण आणि अनुकूलन यांत फरक काय उरला?

उत्तर: पुष्कळदा भिंतीच्या उंचीपुरताच. आजवरच्या पुराच्या खुणा पाहून उंची ठरवली तर ते नेहमीचं हानी-न्यूनीकरण. पुढचा पाऊस त्या खुणा ओलांडेल हे धरून ठरवली, तर तीच भिंत अनुकूलनही झाली. भूकंपाच्या प्रकरणात हा प्रश्न सहसा येणार नाही.

याच ओघात 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोगही तपासा. वाचणाऱ्याला वाटतं, परवाच येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात येईल. खरा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. आणि हा १ टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो, पाऊसमान बदललं की तोही बदलतो. म्हणून 'आजवरच्या नोंदींनुसार दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर' असं लिहा, आणि 'आजवरच्या नोंदींनुसार' हे शब्द संपादकाला गाळू देऊ नका.