‘अर्न्ड रन’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

डावखुरा
बेसबॉलमधल्या ‘अर्न्ड रन’साठी ‘अर्जित धाव’ चालेल का? ‘अर्जित रजा’ सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे शब्द उपरा वाटणार नाही. दुसरा पर्याय ‘पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) दोषाची धाव’. क्षेत्ररक्षकाच्या चुकीने गेलेली धाव पिचरच्या सरासरीत धरत नाहीत, बाकीच्या धरतात, एवढाच अर्थ आहे ना?

उजवा_मिडविकेट
‘दोषाची धाव’ला माझं मत. वाचणाऱ्याला लगेच उमगतं. चूक दुसऱ्याची तर पिचर सुटला, नाहीतर धाव त्याच्या माथी.

गुणलेखक
‘चूक दुसऱ्याची’ हेच बरोबर नाही. पिचरने स्वतः साधा घरंगळता चेंडू उचलून पहिल्या बेसवरच्या (धावेच्या चार टप्प्यांपैकी पहिल्या) क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावरून फेकला, तर तो त्याचा एरर (क्षेत्ररक्षणातली नोंदलेली चूक), आणि त्या बॅटरने पुढे काढलेली धाव अनर्न्ड, म्हणजे अर्न्ड नसलेली. दोष शंभर टक्के पिचरचा, तरी त्याच्या सरासरीला धक्का नाही. नियम चेंडू टाकणारा पिचर आणि चेंडू अडवणारा पिचर असे दोन वेगळे गडी धरतो. वाइल्ड पिच (कॅचरला अडवता येणार नाही असा भरकटलेला चेंडू) हे चेंडू टाकण्यातलं वावगं, म्हणून त्यातून आलेली धाव पिचरच्या खात्यावर. पास्ड बॉल (कॅचरने अडवायला हवा होता, पण सुटला असा चेंडू) कॅचरचा, म्हणून ती नाही. क्रिकेटमधल्या वाइड आणि बायचा फरक आठवा, तसंच काहीसं. पण साम्य तिथेच संपतं: आपल्याकडे स्लिपमध्ये झेल सुटला आणि फलंदाजाने पुढे शतक ठोकलं, तरी सगळ्या धावा गोलंदाजाच्या नावावर राहतात.

मूळ शब्दाची नजर पिचरवर नाहीच. धाव फलंदाजी करणाऱ्या संघाने कमावली की त्यांना ती मिळाली, असा तो प्रश्न आहे. म्हणून माझ्या मते ‘कमाईची धाव’ आणि ‘आयती धाव’. ‘अर्जित’ चुकीचा नाही, पण त्याला सरकारी कचेरीचा वास येतो, आणि ‘अनर्जित’ तर कोणी तोंडाने उच्चारणारही नाही.

शॉर्टस्टॉप
‘आयती’ला हरकत. दोन बाद. तिसऱ्या बॅटरचा सोपा चेंडू शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) पायांतून गेला, एरर. पुढच्याला वॉक (चार वावगे चेंडू पडले की मिळणारा पहिला बेस). त्याच्या पुढच्याने होमरन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर आणि बेसवरचे सगळे घरी. धावा तीन, तिन्ही अनर्न्ड, कारण एरर झाला नसता तर तिसरा बाद होऊन इनिंग तिथेच संपली असती. प्रेक्षकांत जाऊन पडलेल्या चेंडूला ‘आयती धाव’ म्हणायचं? चाहत्यांची सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. एररनंतर पिचरने दहा धावा दिल्या तरी त्याची सरासरी कोरी राहते, हे पुष्कळांना पचत नाही. मलाही नाही.

गुणलेखक
फटका कमाईचा, तो मारायला मिळालेली संधी आयती, असं पाहा. आणि तो एरर इनिंगच्या सुरुवातीला झाला असता तर? पहिला बॅटर एररवर बेसवर, दुसऱ्याचा होमरन, पुढचे तिघे बाद. आता एकच धाव अनर्न्ड, होमरन मारणाऱ्याची स्वतःची धाव अर्न्ड. एरर वगळून इनिंग पुन्हा मांडली तर होमरनच्या वेळी एकच बाद असतो.

ही फेरमांडणी इनिंग संपल्याशिवाय पक्की करू नका. वॉकवर आलेला रनर पास्ड बॉलवर दुसऱ्या बेसला गेला आणि एका बेसच्या हिटवर (एररशिवाय बेस मिळवून देणाऱ्या फटक्यावर) घरी आला, म्हणजे त्याची धाव पूर्ण झाली, तर लगेच ‘अनर्न्ड’ लिहून मोकळं होऊ नये. पास्ड बॉल झाला नसता तर तो दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर असता. मागून होमरन आला तर तो तसाही घरी आला असता, म्हणून धाव अर्न्ड. मागचे सरळ बाद झाले तर अनर्न्ड. कोणत्या बेसपर्यंत पोहोचला असता याची शंका असेल तर फायदा पिचरला.

एक गोष्ट मात्र कधीच गृहीत धरायची नाही, डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन बाद). दुसऱ्या बेसवर एक बाद झाला आणि पहिल्या बेसकडची फेक भरकटली, पण कोणी जादा बेस घेतला नाही, तर एरर लागतच नाही. इनिंग पुढे चालते आणि येणाऱ्या धावा पिचरच्या खात्यावर पडतात.

उजवा_मिडविकेट
मधेच पिचर बदलला तर?

गुणलेखक
शॉर्टस्टॉप यांचंच उदाहरण घ्या. वॉकनंतर नवा पिचर आला आणि होमरन त्याने दिला. पहिल्या पिचरच्या दोन धावा अनर्न्ड. नव्या पिचरला मात्र आधीच्या एररचा आधार मिळत नाही, त्याची एक धाव अर्न्ड. संघाच्या हिशेबात तिन्ही अनर्न्ड. म्हणजे पिचरांची बेरीज १ आणि संघाची ०. स्कोअरकार्ड चुकलेलं नसतं.

शब्दकोडे
मग ‘एरर’ला ‘चूक’ म्हणणंही धोक्याचं. क्षेत्ररक्षकाने भलत्याच बेसकडे चेंडू फेकायचं ठरवलं तर ती चूक आहे, पण सहसा एरर नाही. निर्णयातली गफलत धरत नाहीत, हाताने झालेली धरतात. आणि चेंडूला हात लागलाच पाहिजे असंही नाही, पायांतून गेलेला चेंडू एररच. कसोटी ‘साधारण प्रयत्ना’ची: त्या दर्जाच्या लीगमधल्या, त्या जागेवरच्या सरासरी खेळाडूने मैदान आणि हवामान पाहता तो घेतला असता का?

हे ठरवतो सामन्याचा अधिकृत गुणलेखक, अंपायर नाही. ब्रूअर्स संघाचा पिचर सीसी सबाथिया याचं उदाहरण प्रसिद्ध आहे. ३१ ऑगस्ट २००८, पिट्सबर्ग. पाचव्या इनिंगमध्ये अँडी लारोशचा हळू घरंगळणारा चेंडू त्याने उघड्या हाताने उचलायचा प्रयत्न केला, तो निसटला. गुणलेखकाने हिट दिली. ब्रूअर्सनी दाद मागितली, फेटाळली गेली. सामन्यातली ती एकमेव हिट होती. एरर दिला असता तर नो-हिटर (एकही हिट न देता संपवलेला सामना) झाला असता. इथे ‘चूक’ झाली का, यावर दोन मतं नसतील. ‘एरर’ होता का, यावर अजून आहेत.

डावखुरा
‘कमाईची धाव’ पटतंय. मग सरासरी ‘नऊ इनिंगमागे कमाईच्या धावा’ अशी लिहावी?

गुणलेखक
हो. अर्न्ड रन गुणिले ९, भागिले इनिंग. फक्त इनिंगच्या नोंदीतलं ६.२ म्हणजे सहा आणि दोन तृतीयांश, दशांश नव्हे. ३ धावा आणि ६.२ इनिंगला उत्तर ४.०५ येतं. थेट ६.२ने भागलंत तर ४.३५ येईल. वृत्तांतांत ही चूक (हो, ‘चूक’च) सर्रास दिसते.

शॉर्टस्टॉप
अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये २०२०पासून, सामना बरोबरीत लांबला तर, दहाव्या इनिंगपासून दुसऱ्या बेसवर आयता रनर उभा करतात, त्याचं काय? प्लेऑफमध्ये नसतो तो.

गुणलेखक
तो एररवर आल्यासारखा धरायचा, पण एरर कोणाच्याही नावावर मांडायचा नाही. त्याची धाव अनर्न्ड. मात्र तेवढ्यावर सामना गेला तर पराभव पिचरच्याच नावावर लागतो.

शॉर्टस्टॉप
त्या एका धावेला ‘आयती’ म्हणायला माझी हरकत नाही. होमरनला अजून आहे.