विषय: अमेरिकेतला पीएस4 दापोलीच्या घरी डिस्क प्लेअर म्हणून

मंडळी, नमस्कार.
इथे घेतलेला पीएस4 स्लिम (सोनीचा गेम कन्सोल) डिसेंबरात दापोलीला ठेवून यायचा विचार आहे. आईबाबांसाठी ब्लू-रे, डीव्हीडी, नाटकांच्या व्हीसीडी, आणि जमलं तर नेटवरचं. ट्रान्सफॉर्मर न्यावा का?
— दापोलीकर

---

दापोलीकर, ट्रान्सफॉर्मरचं ओझं नको. आतला पॉवर सप्लाय 100 ते 240 व्होल्ट घेतो. मागचं सॉकेट इंग्रजी आठाच्या आकड्यासारखं, म्हणजे जुन्या टेपरेकॉर्डरला लागायची तीच वायर. बाजारात कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात गोल पिनांची मिळेल. अडॅप्टर लावू नका, सैल बसतो आणि ठिणग्या मारतो.

खरी अडचण रीजनची, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल ते ठरवणाऱ्या कोडची. अमेरिकन पीएस4 ब्लू-रे रीजन ए आणि डीव्हीडी रीजन 1 वाचतो. भारत ब्लू-रेला सी, डीव्हीडीला 5. सेटिंगमध्ये हे बदलता येत नाही. पाकीट उलटं करून बघा: डीव्हीडीवर पृथ्वीच्या गोळ्यात आकडा असतो, ब्लू-रेवर षटकोनात अक्षर. गोळ्यात 0 किंवा ‘ऑल’ असेल तर रीजन आड येत नाही, आणि मराठी डीव्हीडी पुष्कळशा तशाच असतात. नुसता 5 असेल तर ती डिस्क यावर चालणार नाही.

निघण्याआधी नेट जोडून एक डीव्हीडी लावून बघाच. डिस्क प्लेअरची सोय पहिल्या वेळी नेटवरूनच चालू होते. गावी नेट नसलं की नवा डबा नुसता दिवा दाखवतो.

व्हीसीडी आणि ऑडिओ सीडी मात्र पीएस4 वाचतच नाही. व्हीसीडीतल्या ‘एमपेगएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल कॉम्प्युटरवर घ्या, एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरने एमपी4 करा आणि पेनड्राइव्हवर टाका. ओरखडलेली व्हीसीडी कॉपी होताना मध्येच अडकते. कारण असं की जास्त चित्र मावावं म्हणून दर सेक्टरमधला (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यातला) चूकदुरुस्तीचा भाग काढून 2048 ऐवजी 2324 बाइट भरलेले असतात. अशा वेळी डिस्क साबणाच्या पाण्याने धुऊन, मधून कडेकडे पुसून पुन्हा लावा. गोल गोल पुसलं तर ओरखडा ट्रॅकच्या दिशेने पडतो आणि मग ती गेलीच.

पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, एनटीएफएस पद्धतीचा पीएस4ला दिसणार नाही. फाइल एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मीडिया प्लेअर अॅप इथूनच उतरवून न्या.
— ग्रंथालय समिती

---

वरच्यात कोकणापुरती भर.

चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय, त्यातही 5 गिगाहर्ट्झचं, फार लांब जात नाही. राउटर पडवीत आणि टीव्ही माजघरात असेल तर सरळ लॅनची वायर टाका. नेटफ्लिक्स 1080पी (फुल एचडी) साठी 5 एमबीपीएस सांगतं, म्हणजे लाइन चांगली असेल तर वेग पुरतो. नडतं ते लाइट जाणं. पीएस4 चालू असताना झटक्यात बंद झाला की पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसतो, आणि म्हाताऱ्या माणसांना वाटतं बिघडला. रेस्ट मोड (अर्धवट झोपेची अवस्था) बंद ठेवा, पूर्ण बंद करायची सवय लावा. इन्व्हर्टर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइटसारखीच वीज देणारा, असावा.

खारी हवा हळूहळू खाते: एचडीएमआयच्या (टीव्हीला जोडायच्या वायरीच्या) पिना, पंख्याचं बेअरिंग. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालवा, आतल्या उष्णतेने ओल निघते. घर बंद राहणार असेल तर सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात. टीव्हीवर घालतात तसं विणलेलं झाकण चालू मशीनवर टाकू नका, आणि मागच्या जाळीशी मुंग्या दिसतात का ते बघत राहा.

नुसतं नेटवरचंच बघायचं असेल तर माझं मत: टीव्हीला मागे लावायची स्ट्रीमिंग स्टिक घ्या, ती यूएसबीवर चालते. पीएसएन (सोनीच्या प्लेस्टेशन नेटवर्क) खात्याचा देश एकदा ठरला की बदलत नाही, त्यामुळे अमेरिकन खात्यात भारतातली अॅप्स येत नाहीत. भारताचं वेगळं खातं काढावं लागतं. तेवढ्यासाठी पीएस4 वाहून नेऊ नये. डिस्कसाठी नेताय, तर जरूर न्या.
— गुहागरकर

---

दोघांचे आभार. रिमोटचं काय?
— दापोलीकर

---

सेटिंग्ज, सिस्टीम, एचडीएमआय डिव्हाइस लिंक चालू करा. काही टीव्हींचा रिमोट मग चालतो. नाही चालला तर कंट्रोलरच: फुली म्हणजे ‘हो’, गोल म्हणजे ‘मागे’. चार्जिंगला मायक्रो यूएसबी वायर, दोन न्या.
— गुहागरकर