वजन 78 किलो, उंची 150 सेंटिमीटर : टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात दिली जाणारी हवा) किती ठेवावा?

प्रश्न (निवासी डॉक्टर, पहिले वर्ष)
दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया पसरून एआरडीएस (फुप्फुसांना सूज येऊन रक्तातील ऑक्सिजन घटण्याचा तीव्र विकार) झालेल्या एका महिला रुग्णास काल रात्री नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतले. टायडल व्हॉल्यूम 450 मिली, म्हणजे वजनाच्या हिशेबाने किलोमागे सहाहून कमीच ठेवला आहे. श्वासांचा दर 16, पीप (उच्छ्वासाच्या शेवटी राखलेला दाब) 8 आणि फायओटू (दिल्या जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचा अंश) 0.7 असताना प्लॅटो प्रेशर (श्वास आत भरून थांबवल्यावर फुप्फुसांत मोजलेला दाब) मात्र 34 येत आहे. व्हॉल्यूम उतरवल्यास कार्बन डायऑक्साइड साचेल या भीतीने हात लावलेला नाही.

उत्तर (अतिदक्षता तज्ज्ञ)
चूक हिशेबाच्या पायातच आहे. माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे मोठी होत नाहीत. त्यांचा आकार उंची आणि लिंग यांवर ठरतो. स्त्रियांसाठी 45.5 + 0.91 × (उंची − 152.4) या सूत्राने अपेक्षित वजन सुमारे 43 किलो येते, म्हणजे आपण किलोमागे दहा मिलीहून अधिक देत आहात. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एआरडीएसनेट या अमेरिकी संशोधन-गटाच्या चाचणीत किलोमागे 12 ऐवजी 6 मिली दिल्याने मृत्यूचे प्रमाण 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले होते. येथे 6 मिलीप्रमाणे 260 होतात. तेथवर टप्प्याटप्प्याने उतरा आणि दर 28 पर्यंत न्या. मिनिटाचे वायुवीजन 7.2 लीटरच्या आसपासच राहील. तरीही कार्बन डायऑक्साइड थोडा वाढेलच, कारण मृत अवकाश (जेथे वायूंची देवाणघेवाण होत नाही तो श्वासमार्गाचा भाग) प्रत्येक श्वासात आपला वाटा घेतो. परंतु मेंदूतील दाब वाढलेला नसेल तर रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) 7.20 च्या वर असेपर्यंत तो सोसावा. दर वाढवल्यावर उच्छ्वासाचा आलेख शून्यावर टेकतो की नाही, म्हणजे हवा पूर्ण बाहेर पडते की नाही, हे अवश्य पाहावे.

उत्तर (परिचारिका, अतिदक्षता विभाग)
उंची मोजली होती की नातेवाइकांनी सांगितली? आमच्याकडे तो रकाना बहुधा कोराच असायचा. आता रुग्णाला सरळ निजवून टाचेपासून टाळूपर्यंत टेप लावतो आणि आकडा खाटेच्या फलकावर लिहितो.

प्रश्नकर्ता
टेपनेच मोजली होती. आता प्लॅटो 27 आणि पीएच 7.27 आहे, पण फायओटू 0.7 वरच असून पीएओटू (धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब) 77 आहे.

उत्तर (अतिदक्षता तज्ज्ञ)
पीएओटू आणि फायओटू यांचे गुणोत्तर 110 झाले, म्हणजे 150 च्या बरेच खाली. रक्तदाब स्थिर असेल तर आजच पालथे झोपवा, सलग किमान 16 तास. वळवताना एक अनुभवी व्यक्ती डोक्याशी केवळ नळी धरून उभी असावी आणि वळवण्याचा इशारा तिनेच द्यावा.