लाकडाच्या कारखान्यात काम केलंय? मग लिहा

दारं-खिडक्या बनवणाऱ्या कारखान्यात २२ वर्षं मी जोडणी खात्यात सुतार होतो. परवा हत्यारांची पेटी उघडली, जुना लाकडी रंधा काढला, त्याला जवसाचं तेल चोळलं. हातात धरला तर अंगठा बरोबर त्या झिजलेल्या खळग्यात जाऊन बसला. म्हटलं, आपल्यासारखे बरेच असतील. सुतार, मशीनवाले, पॉलिशवाले, कुणीही लिहा. सुरुवात मी करतो.

पहिला महिनाभर हातात हत्यार नाही, झाडू. भुसा काढून काढून कंबर मोडली, पण आज कुठलं लाकूड चिरलंय ते वासावरून ओळखायला लागलो. मग पटाशी मिळाली. चौकटीचं कुसू, म्हणजे खाचेत बसणारं तासलेलं टोक, आत कसं जावं? हातानं दाबून अर्धं, पुढे मोगरीचे एकदोन ठोके. मी पहिलं कुसू इतकं जाड ठेवलं, की ठोकता ठोकता खाचेची भिंतच उभी चिरली. मिस्त्री काही बोलले नाहीत. तो चिरलेला तुकडा त्यांनी माझ्या बाकासमोर खिळ्याला टांगला. सहा महिने तिथेच होता. काढायची माझी हिंमत नव्हती.

---

मी मशीनवर. रंधा मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. ८५ च्या वर दिवसभर राहिलं तर कान जातात, हे नंतर कळलं. कानात बोळे घातले की मिस्त्रीच ओरडायचे, कारण आम्ही मशीन कानानं चालवायचो. पातं बोथट झालं की आवाज जड होतो, गाठ आली की खरखरतो. सागाचं काम असलं की धार फार लवकर जायची, त्यात वाळूसारखी सिलिका असते ना! आता घरात टीव्हीच्या आवाजावरून रोज भांडण.

---

भांडणापुरतंच निभावलं म्हणायचं, दादा. आमच्याकडे गोल करवतीच्या पात्यामागची उभी पट्टी काढून ठेवलेली असायची, काम भराभर उरकतं म्हणून. त्या पट्टीनं चिरलेली फट उघडी राहते. ती नसेल आणि फळी मिटून पात्याला चिकटली, तर पातं फळी उचलून मागे फेकतं. माझ्या पोटात बसली. श्वासच अडकला, दोन बरगड्या गेल्या. फळीच्या रेषेत उभं राहू नये, बाजूला राहावं, हे मला इस्पितळातल्या खाटेवर सांगितलं गेलं. पट्टी दुसऱ्या दिवशी बसवली म्हणे.

---

माझं थोडक्यात. नवीन होतो, दाराच्या चौकटीतली मधली फळी चांगली चारही बाजूंनी सरस लावून पक्की केली. वाटलं, शाबासकी मिळेल. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, पण रुंदीत हवेप्रमाणे फुगतं-आकसतं, म्हणून ती फळी खाचेत मोकळी सोडतात. हवा कोरडी झाली आणि दार मधोमध फाटलं. अशी ११ दारं होती.

---

मी फिनिशिंगला होते. खात्यात बाई मी एकटीच, त्यामुळे फडकी धुणं-वाळवणं आपोआप माझ्याकडे (का, ते विचारू नका). एकदा घाईत तेलाची फडकी चुरगाळून पत्र्याच्या डब्यात कोंबली आणि जेवायला गेले. परत आले तर डब्यातून धूर. विडी नाही, ठिणगी नाही. जवसाचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता निघते. ढिगात ती कोंडली की फडकं स्वतःच पेटतं. शेजारी दोन हात उंच भुशाचा ढीग होता. मी डबा तसाच उचलून पाण्याच्या टाकीत टाकला, हात भाजले. तेव्हापासून फडकी एकेक पसरून वाळवायची, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात.

---

धागा मीच काढला, म्हणून परत आलो. ताईंचं वाचलं आणि उठून माळ्यावर गेलो. परवाचं तेलाचं फडकं रंध्याखालीच होतं, चुरगाळलेलं, पेटीचं झाकण घट्ट लावलेलं. आता दोरीवर पसरून घातलंय. बायको विचारतेय, रात्री साडेदहाला काय धुतलंत?