ब्रेकच्या डिस्कला फेसिंग मारू की नवीन टाकू?

नमस्कार मंडळी, गाडी पेट्रोल हॅचबॅक, ७८ हजार किमी झालेत. मागच्या रविवारी घरच्यांना घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो होतो, नांदुरीकडे उतरताना ब्रेक मारला की पेडल पायाखाली थरथरायला लागलं आणि स्टिअरिंगही हलत होतं. आई मागे बसली होती, खरंच घाबरलो. सातपूरचा फिटर म्हणतो डिस्क लेथवर मारून देतो (फेसिंग, म्हणजे वरचा थर कापून सपाट करणं), दुसरा म्हणतो दोन्ही बदला. काय करू?

— गंगापूररोडकर

भाऊ, आधी जाडी मोज मग ठरव. डिस्कच्या कडेला नाहीतर मधल्या भागावर मिनिमम जाडी कोरलेली असते, गंज असेल तर ब्रशने घास, दिसेल. आणि साधं व्हर्नियर (जाडी मोजायचं जबड्यांचं माप) थेट लावू नको, बाहेरचा काठ झिजत नाही त्यामुळे जबडे त्या काठावरच अडकतात आणि जाडी जास्त दाखवते. दोन्ही बाजूंनी आत एकेक सारखं नाणं ठेव, मोज आणि नाण्यांची जाडी वजा कर. सात-आठ ठिकाणी मोज, कारण पेडल थरथरतं ते बहुतेक जाडी कुठे कमी कुठे जास्त झाल्यामुळेच.

— अंबडचा लेथवाला

मोजलं दादा. डिस्कवर मिनिमम २० मिमी लिहिलंय, डावी सगळ्यात कमी तिथे २०.४, उजवी २०.६.

— गंगापूररोडकर

मग विषयच संपला, फेसिंग नको. प्रत्येक बाजूने ०.३ जरी घेतलं तरी ०.६ गेले, म्हणजे डावी १९.८ वर येणार. माझं पोट फेसिंगवर चालतं तरी सांगतो, पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, घाटात लवकर तापते, तडा जाऊ शकतो. २१.५ च्या आसपास असती तर मीच मारून दिली असती. दोन्ही बाजूच्या एकदम बदल, एकच बदललीस तर गाडी ब्रेक मारताना एकीकडे ओढू शकते.

— अंबडचा लेथवाला

यात एक भर घालतो. नवीन डिस्क बसवायच्या आधी हबवरचा (डिस्क ज्यावर बसते तो भाग) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढायला सांगा, समोर उभं राहून करून घ्या, माझ्या गाडीला तो राहिला होता आणि नव्या डिस्कसकट तीन महिन्यांत परत थरथर सुरू. डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसायचं, पॅडही नवीनच टाकायचे, जुने पॅड जुन्या डिस्कच्या खाचांप्रमाणे झिजलेले असतात. मग पॅड आणि डिस्क एकमेकांवर नीट बसायला रिकाम्या रस्त्यावर ताशी ५०-६० किमीवरून हळू हळू ब्रेक मारत १० पर्यंत असं आठ-दहा वेळा करा, मध्ये पूर्ण थांबू नका, नंतर थोडा वेळ ब्रेक न वापरता चालवून थंड होऊ द्या.

आणि गड असो की कसारा, उतारावर दुसरा गिअर टाकून इंजिनवर उतरा, ब्रेकवर पाय ठेवून नाही. खाली आल्यावर तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं की पॅडचा थर तिथेच चिकटतो.

— कसाराघाट

उद्या सकाळी दोन्ही डिस्क आणि पॅड घेतो, हब साफ करताना तिथेच उभा राहतो. आईला घेऊन परत जायचंय गडावर.

— गंगापूररोडकर